पोर्टफोलिओ कोण वाचणार, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: एका पदव्युत्तर विभागात ६० विद्यार्थी आणि ४ शिक्षक आहेत. पुढच्या सत्रापासून लेखी परीक्षेचा काही भाग कमी करून क्षमतांवर आधारित मूल्यमापन (विद्यार्थी प्रत्यक्षात काय करू शकतो ते तपासणारं) आणायचं आहे आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून डिजिटल पोर्टफोलिओ ठेवून घ्यायचा आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि पोर्टफोलिओला गुण कसे द्यावेत, हे प्रश्नकर्त्याला हवं आहे.

दोन्हीची उत्तरं देतो, पण ती बरीच खाली येतील. कारण खरी अडचण या दोन्हींच्या आधीची आहे. पोर्टफोलिओ ही पुराव्यांची फाइल असते, आणि पुरावा नेहमी कोणत्या तरी निर्णयासाठी लागतो. 'या विद्यार्थ्याला हे काम देखरेखीशिवाय करू द्यायचं का?' हा निर्णय झाला. 'त्याने वर्षभर काय काय केलं?' हा निर्णय नाही, ती नुसती नोंद आहे. निर्णय न ठरवता पोर्टफोलिओ सुरू केला की विद्यार्थी सापडेल ते अपलोड करतात, शिक्षकांना ते वाचायला वेळ मिळत नाही आणि दुसऱ्या सत्रात सगळे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात फोल्डर भरू लागतात. तेव्हा पहिला प्रश्न असा: कोणते निर्णय, कोण घेणार, आणि तो माणूस त्यासाठी किती तास वाचणार?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या विद्यापीठाला अखेर आकड्यातलेच गुण हवे असतील तर नियमांची मांडणी वेगळी होते. तुमचा अभ्यासक्रम एखाद्या व्यवसायाचा परवाना देणारा असेल (वैद्यक, परिचर्या, शिक्षक-प्रशिक्षण) तर क्षमतांची यादी बहुधा नियामक संस्थेकडून तयार मिळते आणि तुमचं काम पुराव्यांपासून सुरू होतं. अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावरचे आणि दर सत्राला बदलणारे असतील, तर खाली सांगितलेली परीक्षकांची तयारी दर सत्राला नव्याने करावी लागेल. खालचं सगळं मी ६० विद्यार्थी, ४ कायम शिक्षक आणि १६ आठवड्यांचं सत्र धरून लिहितो आहे.

आधी पोर्टफोलिओ कशासाठी वापरू नये ते बघू. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्यांचा एक पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. खालच्या दोन पायऱ्यांसाठी लेखी परीक्षा स्वस्त, जलद आणि जास्त विश्वासार्ह असते. तासाभराच्या चांगल्या प्रश्नपत्रिकेत ४०-५० वेगवेगळे मुद्दे तपासता येतात; पोर्टफोलिओतून तेवढे तपासायला एक वर्ष लागेल. पोर्टफोलिओची खरी जागा सगळ्यात वरची पायरी आहे: अनेक दिवस चाललेलं, खऱ्या परिस्थितीतलं, दुरुस्त होत गेलेलं काम. म्हणून 'लेखी परीक्षा काढून पोर्टफोलिओ' हे वाक्यच मला धोक्याचं वाटतं. संकल्पनांची परीक्षा राहू द्या, लहान करा. पोर्टफोलिओकडे फक्त तेच सोपवा जे तीन तासांच्या पेपरात दिसूच शकत नाही.

आता क्षमता. किती असाव्यात? अमेरिकेतल्या मिलवॉकीमधलं अल्व्हर्नो कॉलेज १९७३ पासून क्षमतांवर आधारित पदवी शिक्षण देतं. तिथल्या क्षमता आठ. कॅनडातल्या तज्ज्ञ डॉक्टरांसाठीच्या कॅनमेड्स आराखड्यात भूमिका सात. अमेरिकेत निवासी डॉक्टरांसाठी १९९९ मध्ये ठरलेल्या मूलभूत क्षमता सहा. हे आकडे सहा ते आठमध्येच का येतात, याचं कारण व्यवहारातलं आहे. एका क्षमतेबद्दल खात्रीने बोलायला किमान तीन वेगवेगळे पुरावे लागतात, आणि यादी वीसवर गेली की कुणालाही ती लक्षात ठेवून शिकवता येत नाही. तुमच्या विभागाने पूर्ण अभ्यासक्रमासाठी सहा ठरवाव्यात आणि पहिल्या सत्रात त्यातल्या तीनच तपासाव्यात.

क्षमता लिहिताना सर्वांत जास्त चूक शब्दांत होते. 'उत्तम संवादकौशल्य' किंवा 'चिकित्सक विचार' यांना क्षमता म्हणता येत नाही, ती प्रकरणांची नावं झाली. वाक्यात चार गोष्टी असायला हव्यात: काय करतो, कशावर करतो, कुणासाठी करतो आणि किती मदतीने करतो. उदाहरणार्थ: 'न पाहिलेल्या डेटामधल्या चुका शोधून दुरुस्त करतो, योग्य विश्लेषण निवडतो आणि त्या विषयातल्या नसलेल्या वाचकाला दोन पानांत निष्कर्ष समजावतो, मार्गदर्शकाला फक्त पद्धतीच्या निवडीबद्दल विचारून.' हे वाक्य वाचल्यावर कोणता पुरावा मागायचा ते लगेच कळतं. ज्या वाक्यावरून ते कळत नाही, ते पुन्हा लिहा.

मग एक तक्ता करा: ओळींत क्षमता, स्तंभांत सध्याचे विषय. ज्या विषयात एखाद्या क्षमतेचा सराव होतो तिथे 'स', जिथे ती तपासली जाते तिथे 'त'. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यातून बहुतेक वेळा दोन गोष्टी बाहेर येतात. एखादी क्षमता पाच ठिकाणी तपासली जाते पण कुठेच शिकवली जात नाही (तोंडी सादरीकरण हे नेहमीचं उदाहरण). आणि दुसरी सगळ्यांना महत्त्वाची वाटते पण एकाही विषयात तपासली जात नाही. प्रत्येक ओळीत निदान तीन 'त' आणि ते निदान दोन वेगळ्या शिक्षकांचे असावेत, त्याआधी एखादा तरी 'स' हवाच. हा तक्ता भरण्याआधी पोर्टफोलिओची घोषणा करू नका.

तीनचा आग्रह का? कारण एका प्रसंगातली कामगिरी दुसऱ्या प्रसंगाबद्दल फारच कमी सांगते. वैद्यकीय शिक्षणातल्या संशोधनात हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे: एका रुग्णाच्या बाबतीत अचूक निदान करणारा विद्यार्थी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णापुढे चुकतो. इतर विषयांतही हेच होतं. एकच मोठा, देखणा प्रकल्प हा पुरावा म्हणून कमजोर असतो. विषय, वाचक आणि परीक्षक बदलून केलेली तीन मध्यम आकाराची कामं त्याहून जास्त बोलतात.

रुब्रिकवर, म्हणजे कामाच्या पातळ्यांचं वर्णन करणाऱ्या तपासणीच्या तक्त्यावर, वेळ घालवा, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. चार पातळ्या ठेवा. तीन ठेवल्या तर सगळे मधल्या पातळीवर जाऊन बसतात आणि सहा ठेवल्या तर दोन परीक्षकांत एकमत होत नाही. सर्वांत आधी उत्तीर्णतेची पातळी, म्हणजे तिसरी, लिहा. मग दुसरी, मग चौथी, शेवटी पहिली. वरून खाली लिहीत आलं की चौथी पातळी स्वप्नवत होते आणि उरलेल्या तीन 'तेच, पण थोडं कमी' अशा होतात.

पातळ्यांमधला फरक विशेषणांत ठेवू नका. 'समाधानकारक', 'चांगलं', 'उत्कृष्ट' या शब्दांचा अर्थ प्रत्येक शिक्षक आपापला लावतो. नेदरलँड्सचे वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक ओले तेन काते यांनी २००५ मध्ये वैद्यकीय प्रशिक्षणासाठी मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते: पातळी म्हणजे किती देखरेख लागते. वरच्या डेटाच्या क्षमतेसाठी ती अशी लिहिता येईल. पातळी १: चुका दाखवून दिल्यावरही दुरुस्ती अपुरी. पातळी २: चुका दाखवून दिल्या की बरोबर दुरुस्त करतो, स्वतः शोधत नाही. पातळी ३: महत्त्वाच्या चुका स्वतः शोधतो, दुरुस्तीची कारणं नोंदवतो, पद्धतीच्या निवडीबाबत एकदा विचारतो. पातळी ४: निवडीसह सगळं स्वतः करतो आणि आपल्या निष्कर्षाच्या मर्यादा नेमक्या सांगतो. शिक्षकाला हे वाचताना 'मी याला हे काम देऊन घरी जाऊ शकतो का?' एवढाच प्रश्न पडतो, आणि या प्रश्नाचं उत्तर शिक्षक बऱ्यापैकी सारखं देतात.

एका पुराव्यासाठी रुब्रिकच्या चारपेक्षा जास्त ओळी नकोत. इथे एक तयार चूक टाळा. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने तयार केलेले व्हॅल्यू रुब्रिक्स नेटवर सहज मिळतात, संख्येने सोळा आहेत आणि लिहिलेलेही चांगले आहेत. पण ते पूर्ण पदवीभरातली वाढ संस्थेच्या पातळीवर पाहण्यासाठी केलेले आहेत, एका असाइनमेंटला गुण देण्यासाठी नाहीत. ते जसेच्या तसे उचलले तर पहिल्या सत्रातले सगळे विद्यार्थी खालच्या दोन पातळ्यांवर दिसतात आणि सगळ्यांचाच धीर सुटतो. भाषा पाहण्यासाठी ते वाचा, पातळ्या तुमच्या तुम्ही लिहा.

आता तासांचा हिशेब. बहुतेक विभाग हा करत नाहीत आणि म्हणूनच योजना दुसऱ्या सत्रात मोडते. समजा आठ क्षमता आणि प्रत्येकी तीन पुरावे, म्हणजे २४ पुरावे. एक पुरावा नीट वाचून दोन ओळींचा अभिप्राय लिहायला १५ मिनिटं. ६० विद्यार्थ्यांचे २१,६०० मिनिटं, म्हणजे ३६० तास. चार शिक्षकांत वाटले तरी प्रत्येकी ९० तास, तेही शिकवण्याचं सगळं काम सांभाळून. हे होणार नाही.

तेच असं करा. पहिल्या सत्रात तीन क्षमता. प्रत्येकीला तीन पुरावे म्हणजे नऊ निरीक्षणं. पण एक काम दोन क्षमतांसाठी वाचता येतं, म्हणून प्रत्यक्ष कामं पाचच. (एकाच कामावर तीन-चार क्षमता लादू नका. परीक्षकाची एकूण छाप सगळ्या ओळींवर पसरते आणि सगळीकडे एकच पातळी पडते.) दोन रुब्रिकांसह वाचायला २० मिनिटं धरली तर ६० × ५ × २० म्हणजे १०० तास, प्रत्येकी २५. त्यातली बरीच कामं तुम्ही विषयाच्या असाइनमेंट म्हणून तपासतच होता. तेव्हाच पातळी नोंदवा आणि तीच नोंद पोर्टफोलिओत जाऊ द्या. सत्राच्या शेवटी पुन्हा तपासू नका. शेवटी समितीने, म्हणजे अंतिम निर्णय घेणाऱ्या शिक्षकांनी, वाचायच्या त्या नोंदी आणि अभिप्राय. मूळ काम उघडायचं ते फक्त जिथे शंका आहे तिथे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचे अभ्यासक व्हॅन डर व्ल्यूटेन आणि शुविर्थ २००५ पासून मूल्यमापनाच्या ज्या कार्यक्रमनिष्ठ पद्धतीबद्दल लिहीत आले आहेत, तिचा गाभा हाच आहे: प्रत्येक लहान निरीक्षणाचा भार कमी, आणि मोठा निर्णय पुरेशी निरीक्षणं साठल्यावरच.

शिक्षकांनी एकसारखं तपासणं आपोआप होत नाही. सत्राच्या आधी अडीच तासांची एक बैठक घ्या. मागच्या वर्षीची सहा कामं नावं काढून निवडा: दोन स्पष्ट चांगली, दोन स्पष्ट अपुरी, दोन सीमेवरची. प्रत्येकाने आधी एकट्याने, न बोलता पातळी लिहायची. मग आकडे फळ्यावर लावायचे आणि चर्चा फक्त तिथे करायची जिथे फरक आहे. रुब्रिकच्या कोणत्या शब्दामुळे फरक पडला ते शोधा आणि तो शब्द तिथेच बदला. आधी चर्चा आणि मग गुण असा क्रम ठेवलात तर ज्येष्ठ शिक्षकाचं मत सगळ्यांचं होतं आणि बैठकीतून काहीच कळत नाही.

सत्रात दर पाचांतलं एक काम दुसऱ्या शिक्षकानेही स्वतंत्रपणे वाचावं. वरच्या हिशेबात त्याचे २० तास वाढतात, म्हणजे प्रत्येकी ५. ते वाचवू नका. एकमत मोजताना नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. समजा दोन्ही परीक्षक ८० टक्के कामांना 'पूर्ण' आणि २० टक्क्यांना 'अपूर्ण' म्हणतात. अशा वेळी डोळे मिटून शिक्के मारले तरी ६८ टक्के ठिकाणी एकमत दिसेल (०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२). म्हणजे प्रत्यक्ष ८० टक्के एकमत आलं तर योगायोगापलीकडची भर १२ टक्के, आणि ती शक्य असलेल्या ३२ टक्क्यांपैकी. हे गुणोत्तर, ज्याला कोहेनचा काप्पा म्हणतात, जेमतेम ०.३८ येतं. ऐकायला ८० टक्के छान वाटतं, पण उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायला ते पुरेसं नाही. तुमच्यासारख्या लहान विभागात मी एक साधा नियम सुचवेन: पातळी २ आणि ३ यांमध्ये परीक्षकांचा फरक पडला की तिसऱ्याने वाचायचं, ३ आणि ४ यांमधला फरक मूळ परीक्षकावर सोडायचा. कारण विद्यार्थ्याचं नुकसान मुख्यतः पहिल्या रेषेवर होतं.

चिंतनपर लेखन हा पोर्टफोलिओचा सर्वांत जास्त बिघडणारा भाग आहे. 'या प्रकल्पातून तुम्ही काय शिकलात?' असं विचारलं की 'मला वेळेचं नियोजन आणि संघभावना शिकायला मिळाली' असंच उत्तर येणार, आणि त्याला गुण दिले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल असा कबुलीजबाब लिहायला शिकतात. यात दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही, प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी २५० शब्दांत तीन नेमक्या गोष्टी मागा: या कामात मध्येच बदललेला एक निर्णय, तो कशामुळे बदलला (कोणता अभिप्राय, कोणती चूक, कोणता आकडा), आणि तो बदल पुढच्या कामात कोणत्या पानावर दिसतो. शेवटची अट फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे चिंतन तपासता येतं. पान उघडलं आणि बदल नसला तर चिंतन पोकळ आहे, भाषा कितीही सुंदर असो. चिंतनाला स्वतंत्र गुण देऊ नका. पुराव्यापर्यंत नेणारी वाट म्हणूनच ते वाचा.

पाच कामं सत्रभर पसरवा आणि तीन थांबे ठेवा: चौथा, नववा आणि चौदावा आठवडा. पहिल्या दोन थांब्यांवर मार्गदर्शकासोबत २० मिनिटांची भेट, शेवटच्या थांब्यावर निर्णय. दोन भेटींचे ६० विद्यार्थ्यांसाठी ४० तास होतात, म्हणजे प्रत्येकी १०. भेटीत शिक्षकाने बोलायचं कमी. विद्यार्थ्याने स्वतः रुब्रिकवर आपली पातळी लावून यायचं आणि जिथे शिक्षकाची पातळी वेगळी आहे तेवढ्यावरच बोलायचं. पातळी २ का आली हे विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की पुढचं काम सुधारतं. शिक्षकाने सांगितलं तर तो मान डोलावतो आणि विसरतो.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा: जो मार्गदर्शक आहे, त्याने एकट्याने अंतिम निर्णय घ्यायचा नाही. तोच माणूस मदतही करणार आणि निकालही देणार असेल तर विद्यार्थी त्याच्यापुढे कच्चं काम आणत नाही, चूक लपवतो, आणि पोर्टफोलिओत फक्त सजवलेल्या गोष्टी उरतात. चार शिक्षकांत हे सहज जमतं. प्रत्येक मार्गदर्शकाच्या १५ विद्यार्थ्यांचा निर्णय बाकीचे तिघे घेतात. मार्गदर्शक बैठकीत बसतो, माहिती देतो, पण मत देत नाही.

काम खरोखर विद्यार्थ्याचंच आहे का, हा प्रश्न आता प्रत्येकाच्या मनात असतो. एआयने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर निर्णय टाकू नका. ती कधी कधी प्रामाणिक विद्यार्थ्यालाही दोषी ठरवतात आणि त्यांचा निकाल अपिलात टिकेल याची खात्री नसते. पोर्टफोलिओची बांधणीच अशी करा की प्रश्नाचा जोर कमी होईल. प्रत्येक कामासोबत निदान दोन तारीखवार मसुदे हवेत आणि त्यांच्या मधला अभिप्रायही. आणि शेवटच्या निर्णयाआधी प्रत्येक विद्यार्थ्याची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्या. तिच्यात परीक्षकाने पोर्टफोलिओतलं एक काम उघडायचं आणि एकच गोष्ट बदलायची: 'हा स्तंभ मिळालाच नसता तर काय केलं असतं?' 'हाच अहवाल विरोधात असलेल्या वाचकासाठी लिहायचा तर काय काढाल?' ज्याने काम केलं आहे तो अडखळत का होईना, विचार करत उत्तर देतो. यासाठी आणखी १० तास लागतात आणि माझ्या मते सत्रातले ते सर्वांत सत्कारणी लागलेले तास असतात.

गटात केलेल्या कामाबद्दल दोन वाक्यं. गटाचं काम पुरावा म्हणून चालतं, पण सोबत 'मी नेमकं काय केलं' याचं एक पान हवं आणि त्यावर गटातल्या बाकीच्यांची सहमती. ज्या क्षमतेसाठी फक्त गटाचेच पुरावे आहेत, तिथे अंतिम पातळी देऊ नका.

इथपर्यंतचं एका दमात: तीन क्षमता, पाच कामं, चार पातळ्या, दोन भेटी, पाचातलं एक काम दोघांनी वाचायचं, शेवटी दहा मिनिटांची तोंडी. १०० + २० + ४० + १० म्हणजे १७० तास, प्रत्येकी साडेबेचाळीस. आता एवढे तास आणायचे कुठून हे ठरवा. लेखी पेपरची लांबी आणि विषयवार असाइनमेंटची संख्या यांतून काय काढता येईल ते लिहून दाखवता आलं नाही, तर योजना अजून लहान करा.

आता गुण. पहिला नियम: पातळ्यांची सरासरी काढायची नाही. एकाच्या चार क्षमतांच्या पातळ्या ४, ४, ४, १ आहेत आणि दुसऱ्याच्या ३, ३, ३, ४. दोघांची बेरीज १३, सरासरी ३.२५. पण पहिला विद्यार्थी एका क्षमतेत सपशेल अपुरा आहे आणि दुसरा सगळीकडे भरवशाचा. सरासरी ही माहितीच पुसून टाकते, आणि ही माहिती मिळवण्यासाठीच तर एवढा खटाटोप केला.

त्याऐवजी दोन पायऱ्या करा. आधी प्रत्येक क्षमतेची अंतिम पातळी ठरवा, तीही सरासरीने नाही. नियम असा चालतो: शेवटच्या दोन पुराव्यांत जी पातळी टिकून दिसते ती अंतिम, आणि त्यातला एक पुरावा विद्यार्थ्याने आधी न पाहिलेल्या परिस्थितीतला हवा. सुरुवातीच्या चुकांची शिक्षा शेवटी देऊ नये. शिकण्यासाठीच तर त्या चुका होऊ दिल्या होत्या. मग नियमाने गुण. सहा क्षमतांच्या पूर्ण आराखड्यासाठी उदाहरणादाखल: सहाही क्षमतांत पातळी ३ म्हणजे ६० गुण. त्यातल्या दोन-तीन ठिकाणी पातळी ४ असेल तर ७०, चार किंवा जास्त ठिकाणी असेल तर ८०. आधीच जाहीर केलेल्या अत्यावश्यक क्षमता सोडून एखादी पातळी २ वर राहिली, तर ५० आणि पुढच्या सत्रात त्या क्षमतेचा नवा पुरावा. अत्यावश्यक क्षमता पातळी २ वर असेल तर निकाल राखून ठेवायचा. आकडे तुमच्या विद्यापीठाच्या श्रेणींनुसार बदला, पण नियम सत्राच्या पहिल्या आठवड्यात लेखी द्या आणि मध्ये बदलू नका. ७२ की ७४ असले बारीक फरक या पद्धतीतून निघत नाहीत. परीक्षा विभाग ते मागेल तेव्हा नम्रपणे सांगा की एवढी अचूकता या मापात नाही आणि ती दाखवणं विद्यार्थ्यांवर अन्याय होईल.

'अपुरं' या निकालाला पुढची वाट हवी. कोणत्या क्षमतेचा, कोणत्या प्रकारचा, किती दिवसांत नवा पुरावा द्यायचा, हे समितीने निकालासोबतच लिहून द्यावं. चार आठवडे पुरतात. पूर्ण पोर्टफोलिओ पुन्हा करायला लावू नका. क्षमताधिष्ठित मूल्यमापनाचा विद्यार्थ्याला मिळणारा सर्वांत मोठा फायदाच हा आहे की जे आलं ते आलं, उरलं तेवढंच पुन्हा.

सॉफ्टवेअर. ६० विद्यार्थ्यांसाठी पहिल्या वर्षी वेगळं काही विकत घेऊ नका. तुमच्याकडे मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली असेल तर त्यात २०१६ च्या ३.१ आवृत्तीपासून क्षमतांचे आराखडे भरण्याची आणि त्या असाइनमेंटला जोडण्याची सोय आहे. त्याच्या जोडीला माहारा ही मुक्त स्रोत म्हणून उभी राहिलेली पोर्टफोलिओ प्रणाली चालते. तिची सुरुवात २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाली आणि ती मुळातच विद्यार्थ्याच्या मालकीच्या पानांभोवती रचलेली आहे. दोन्ही सांभाळायला सर्व्हर जाणणारा माणूस लागतो. तो नसेल तर प्रत्येक विद्यार्थ्याचं एक सामायिक फोल्डर, पातळ्या नोंदवायला एक फॉर्म आणि त्याची एक स्प्रेडशीट एवढ्यावर पहिलं वर्ष व्यवस्थित निघतं, आणि त्यातून तुम्हाला खरोखर काय हवं आहे ते कळतं.

पुढे विकत घ्यायची वेळ आलीच तर चार गोष्टी प्रात्यक्षिकात स्वतः करून बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका. सादर केल्यानंतर पान गोठवता येतं का आणि तारीख दिसते का? पान कुणाला दिसावं हे विद्यार्थ्याला पानागणिक ठरवता येतं का? अभिप्राय कामाच्या शेजारी राहतो की वेगळ्या खिडकीत जातो? आणि संपूर्ण पोर्टफोलिओ एचटीएमएल किंवा पीडीएफमध्ये, अभिप्रायांसह, बाहेर काढता येतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर बाकी काहीही असलं तरी घेऊ नका. पदवीनंतर विद्यापीठाचं खातं बंद होतं आणि त्याबरोबर विद्यार्थ्याची दोन वर्षांची मेहनत जाते.

फाइलींचे नियमही पहिल्याच दिवशी द्या. लिखित काम पीडीएफमध्ये, मूळ फाइल सोबत. नाव ठरलेल्या साच्यात: हजेरी क्रमांक, काम क्रमांक, मसुदा क्रमांक, तारीख. व्हिडिओ तीन मिनिटांपेक्षा मोठा नको. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने तीन मिनिटांचा व्हिडिओ साधारण ११० एमबी होतो. प्रत्येकी दोन धरले तर ६० जणांचे १३ जीबी. जागेपेक्षा वेळ महाग आहे: १५ मिनिटांचा व्हिडिओ कुणीही पूर्ण पाहत नाही. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा पुरावा म्हणून स्वीकारू नका, कारण अपिलाच्या वेळी तो नेमका उघडत नाही. पानाची प्रत फाइल म्हणून हवी.

क्षेत्रभेटी, रुग्णालय, शाळा किंवा कंपनीतलं काम असेल तर तिथल्या लोकांची नावं, चेहरे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे हे लिहून द्या, आणि ते कसं करायचं हे पहिल्या आठवड्यात अर्धा तास करून दाखवा. लेखी संमतीपत्र पोर्टफोलिओत ठेवू नका, विभागात ठेवा. नाहीतर जी ओळख लपवली ती त्याच कागदावर उघडी पडते. मूल्यमापनासाठीचा पोर्टफोलिओ आणि नोकरीसाठी दाखवायचा पोर्टफोलिओ हे वेगळे ठेवा. पहिल्यात चुका, मसुदे आणि पातळी २ चे शेरे असतात, आणि ते बाहेर कुणाला दिसणार असं वाटलं की विद्यार्थी ते प्रामाणिकपणे ठेवत नाही. दुसरा त्याने पहिल्यातून निवडून स्वतः बांधावा, त्याला गुण नकोत.

समितीच्या प्रत्येक निर्णयाची तीन ओळींची नोंद ठेवा: कोणते पुरावे पाहिले, रुब्रिकच्या कोणत्या वाक्यावर निर्णय टेकला, मतभेद होता का. निर्विवाद विद्यार्थ्यांसाठी ही नोंद दोन मिनिटांत होते. समितीने आपला वेळ सीमेवरच्या आठ-दहा जणांना द्यावा. साठही जणांना सारखा वेळ दिला तर नेमके तेच घाईत निघतात. आणि बैठकीआधी स्प्रेडशीट क्षमतेनुसार लावून एकदा बघा. एकाच क्षमतेत वीसपेक्षा जास्त विद्यार्थी पातळी २ वर अडकलेले दिसले, तर त्यांचे निकाल लिहिण्याआधी सुरुवातीचा तक्ता काढा आणि त्या ओळीत एखादा तरी 'स' आहे का ते पाहा.